वीसचा कॉशन

पहाटेच्या गारठ्यात रूळ आखडतो,
हे मंगरू कुमरेनं मला कधीतरी सांगितलं होतं,
विडी न पेटवता नुसती ओठात धरून.
त्या दिवशी तोच पळत आला गेटकडे,
खांद्यावर हातोडा, हातात लाल झेंडी:
"बाई, मास्तरले फोन लाव. रूळ चिरला."
चीर केवढी, तर पाच रुपयांचं नाणं
उभं सरकेल एवढी.
मी रजिस्टरात वेळ लिहिली, सहा बावन्न.
मग रुळावर दोन फटाके फुटले
आणि आठ वर्षांत माझ्या गेटवर कधी न थांबलेली
वर्धा पॅसेंजर
तुरीच्या वावराला खेटून थांबली.

आठ वर्षं मी तिला हिरवी झेंडी दाखवते.
माझ्यासाठी ती एक निळा पट्टा होती,
थोडी धूळ, खिडकीतून उडालेलं संत्र्याचं साल,
आणि गजांमागं बोटानं पुसल्यासारखी तोंडं.
आज तोंडांना नाकं आली.
कुणाच्या कानाला मफलर, कुणाच्या दाढीला साबण तसाच.

"काहून थांबली वो?"
"किती टाइम लागन?"
"मले का मालूम," मी म्हणाले,
पण मालूम असल्यासारखी उभी राहिले,
कारण त्या सगळ्या रानात वर्दी माझ्याच अंगावर होती.

एका माणसाजवळ खोक्यात एका दिवसाची पिल्लं,
पन्नास, नुसती चिवचिव आणि पिवळा थरकाप.
मी खोकं शेगडीशी ठेवायला सांगितलं.
तो स्वतः बाहेर कुडकुडत बसला,
आत यायचं त्याला सुचलंच नाही.
दोन गेली. त्यानं ती हरभऱ्याच्या धुऱ्यावर पुरली
आणि हात मातीनंच पुसले.

तिकडं गँगचे लोक आले, फिशप्लेट, क्लॅम्प,
लोखंडावर लोखंडाचा आवाज
रुळातून माझ्या ओट्यापर्यंत येत होता.

पाणी प्यायला एक बाई आली, तुळसाबाई नेवारे.
वर्ध्याच्या दवाखान्यात पोळ्या लाटते,
दिवसाच्या अडीचशे.
पेला खाली ठेवून म्हणाली,
"मी रोज पाहतो तुमाले.
मागच्या मंगळवारी तुमी नव्हत्या.
बिमार होत्या का?"

होते.
ताप होता, बदलीचा माणूस आला होता,
हजेरीत एक रेघ कमी पडली होती, इतकंच.
मी म्हणाले, हो.
आणि उगाचच पेला पुन्हा भरला.

दहा चाळीसला गाडी हलली, म्हाताऱ्या म्हशीसारखी.
मंगरूनं बोर्ड रोवला: वीस.
पक्कं वेल्डिंग होईपर्यंत
ताशी वीसच्या वर जायचं नाही.

वीसच्या वेगानं एक खिडकी गेटसमोरून जाते
तेवढ्यात एक वाक्य मावतं.
दोन नाही. मी करून पाहिलं.
पहिल्या दिवशी ती ओरडली, "आज बरं हाय ना?"
दुसऱ्या दिवशी मी म्हणाले, "हाय! पिल्लंवाला दिसला का?"
तिसऱ्या दिवशी: "नाही दिसला. तुमची शेगडी इचारत होती मी!"
हे काय होतं, मला कळलं नाही,
वाऱ्यानं मधला शब्द खाल्ला असणार.
दिवसभर जोडून पाहिला.
पाचव्या दिवशी तिनं कागदात गुंडाळून
मेथीची भाकर फेकली, ती खडीत पडली,
मी झटकून खाल्ली.
आठव्या दिवशी मी विचारलं,
"पोरीचं का ठरलं?"
तिनं तोंड उघडलं, पण तिच्या शेजारच्या माणसानं
खाडकन खिडकी पाडली, थंडी होती.

त्या रात्री ब्लॉक घेतला.
वेल्डिंगच्या ठिणग्या तुरीवर उडताना मी पाहिल्या,
सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू.
सकाळी मंगरूनं बोर्ड उपटला, खांद्यावर टाकला,
म्हणाला, "झाला आता रूळ, बाई. नवा कोरा."
फोनवर मास्तरांनी नंबर दिला, मी लिहिला, फाटक पाडलं.

ती आली. निळा पट्टा. धूळ.
कुठल्यातरी खिडकीत काहीतरी हललं,
हात असेल, ओढणी असेल.

हल्ली मी झेंडी डाव्या हातात धरते.
उजवा मोकळा ठेवते.